पंचनाम्यापासून सुरुवात: डिजिटल तपास प्रशिक्षणाच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांतल्या अंमलदारांना डिजिटल तपास आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पंचवीस-पंचवीसच्या तुकड्या, प्रत्येकीला तीन दिवस, जागा मुख्यालयातला हॉल. सायबर ठाण्याचं रोजचं काम सांभाळूनच हे करायचं.

मागच्या प्रशिक्षणाच्या स्लाइड्स मिळाल्या. संगणकाच्या पिढ्या, व्हायरसचे प्रकार, हॅकर कोणाला म्हणतात. उद्या सकाळी एखाद्या वस्तीवर जाऊन मोबाईल जप्त करणाऱ्या हवालदाराला यातलं काहीच हाताशी येणार नाही. बाजूला ठेवल्या.

त्याऐवजी दोन ठाण्यांच्या मुद्देमाल खोल्यांत दिवसभर बसले आणि मोबाईल जप्तीचे चाळीस जुने पंचनामे वाचून काढले. बहुतेकांत एकच ओळ: 'एक काळ्या रंगाचा टचस्क्रीन मोबाईल, सिमकार्डसह, जु. वा. किं. अं. ८,००० रु.' म्हणजे जुना वापरता, किंमत अंदाजे. किंमत प्रत्येकात आहे. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, निम्म्याहून कमी पंचनाम्यांत. जप्त करताना फोन चालू होता की बंद, हे फक्त तिघांनी लिहिलंय. चालू होता तर पुढे काय केलं, हे एकानेही नाही.

हे लिहिणारी माणसं आळशी नाहीत. चोरीच्या सायकलीचा पंचनामा लिहावा तसाच मोबाईलचा लिहिला, कारण वेगळं काही त्यांना कोणी सांगितलंच नाही. सायकल मुद्देमाल खोलीत तीन वर्षं पडली तरी सायकलच राहते. फोनचं तसं नाही, तो जप्तीनंतरही बदलत राहतो. माझं प्रशिक्षण सॉफ्टवेअरपासून नाही, पंचनाम्यापासून सुरू होणार.

२४ जून, मंगळवार

साहित्याची जुळवाजुळव. जुने दहा फोन, भंगारातून सोडवलेले दोन डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारी यंत्रं), पेन ड्राइव्ह, चार लॅपटॉप. नेटवर्क अडवणाऱ्या फॅरेडे पिशव्या आमच्याकडे चारच आहेत आणि त्या सायबर ठाण्यातून हलवता येत नाहीत. ठाण्यांना तर त्या मिळालेल्याच नाहीत. म्हणून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल आणली आणि संध्याकाळी प्रयोग केला. एका घडीत गुंडाळलेला फोन सरळ वाजला. तीन थर देऊन कडा नीट दुमडल्या तेव्हा थांबला. एका कोपऱ्यात बोटभर फट ठेवली, पुन्हा वाजला.

दुसरी गोष्ट हाताने करून पाहिल्यावर ठसली. फॉइलमधला फोन सतत नेटवर्क शोधत राहतो आणि त्याची बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते. म्हणजे लांबच्या गावातून आणायचा असेल तर आत छोटी पॉवर बँकही हवी, तीही फॉइलच्या आतच. वायर बाहेर ठेवली तर तीच अँटेना होते.

१ जुलै, मंगळवार

पहिली तुकडी. पंचवीस बोलावले होते, चौदा आले. बाकीचे आषाढीच्या बंदोबस्ताला पंढरपुरात. चौदा तर चौदा.

आज नवे कायदे लागू होऊन बरोबर एक वर्ष झालं. १ जुलै २०२४ ला भारतीय पुरावा कायदा, १८७२ गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. वर्गात विचारलं, ६५ब कुणाला माहीत आहे? सगळे हात वर. ६३? चार हात. ६५ब हे जुन्या कायद्याचं कलम; इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं त्याचं प्रमाणपत्र आता नव्या कायद्याच्या कलम ६३ च्या पोटकलम ४ खाली द्यायचं, आणि त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच छापलेला आहे: भाग अ आणि भाग ब. भाग अ ज्याच्या ताब्यात ते उपकरण आहे किंवा जो ते चालवतो त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली तिची ओळख, लिहायचं आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं तिथे खूण करायची. न्यायालयात तो अभिलेख पुराव्यासाठी जितक्या वेळा सादर होईल तितक्या वेळा प्रमाणपत्र सोबत हवं.

नमुना वाचून दाखवला तेव्हा डोळे जड झाले. कोरे नमुने हातात देऊन समोरच्या फोनचा भाग अ भरायला लावला तेव्हा मात्र खोली जागी झाली. आयएमईआय कुठे बघायचा, दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात तर दोन्ही लिहायचे का, मालक एक आणि वापरणारा दुसरा असेल तर सही कुणाची. प्रश्न अशा जागांतून येतात.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ दुपारी घेतलं. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं, शक्यतो मोबाईलवर, आणि विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. त्यासाठीचं ई-साक्ष्य ॲप बहुतेकांच्या फोनमध्ये आहे. पण मुद्रण कधी सुरू करायचं? एक जण म्हणाला, वस्तू सापडल्यावर. हेच चुकतं. दारातून आत शिरायच्या आधी सुरू करायचं, पंचांची तोंडं, दार, घड्याळ सगळं आलं पाहिजे. वस्तू सापडल्यावर चालू केलेल्या कॅमेऱ्यात ती वस्तू आधीपासून तिथे होती हे कुठे दिसतं?

२ जुलै, बुधवार

हॅशचा दिवस. याचीच मला सगळ्यात जास्त काळजी होती.

एका फाइलमध्ये एकच ओळ लिहिली: 'घटना रात्री ९ वाजता घडली.' विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिल आज्ञेने तिचं शा-२५६ पद्धतीचं हॅश मूल्य काढलं. चौसष्ट अक्षरांची लांबलचक ओळ आली. मग ९ चे ८ केले आणि पुन्हा काढलं. नवी ओळ आधीच्या ओळीशी कुठेच जुळेना. ८ चे परत ९ केले, जुनी ओळ अक्षर न् अक्षर परत आली. मागच्या बाकावरून 'अरेच्चा' ऐकू आलं.

निवृत्तीला आलेले एक सहायक फौजदार उठले. म्हणाले, "मॅडम, म्हणजे ही लाखेची मोहरच झाली. कुणी हात लावला की कळायलंच." बरोबर आहे, त्यांच्या बोटांना तीस वर्षांच्या लाखेची ओळख आहे. पण हॅश त्याच्या एक पाऊल पुढे जाते, ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं: लाख फक्त पुडी फोडली की नाही ते सांगते. हॅश ही दुसरी पुडी पहिलीसारखीच आहे हेही सांगते. म्हणून मूळ पेन ड्राइव्ह सीलबंद ठेवून प्रतीवर तपास करता येतो. गांज्याच्या नमुन्याची अशी प्रत कुणाला काढता आली असती?

एका मुद्द्यावर मी मुद्दाम तासभर थांबले. काही ठिकाणी पंचनाम्यात 'मोबाईलची हॅश घेतली' असं लिहायची पद्धत पडू लागली आहे. चालू फोन म्हणजे वाहती नदी. आत दर क्षणाला काहीतरी लिहिलं जातं, त्यामुळे त्याच फोनमधून दोनदा माहिती काढली तर दोन वेगळी मूल्यं येतात. हॅश काढायची ती फोनमधून बाहेर काढलेल्या फाइलची, आणि ती बाहेर काढल्या क्षणी. हे नीट लिहिलं नाही तर प्रयोगशाळेतलं मूल्य आणि पंचनाम्यातलं मूल्य जुळणार नाही आणि आरोपीचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवेल.

३ जुलै, गुरुवार

जप्तीच्या वेळी फोन चालू असेल तर बंद करायचा की नाही? पूर्वी आम्हाला सांगायचे, बॅटरी काढा. आता बॅटरी निघतच नाही, आणि निघाली असती तरी तो सल्ला लागू नाही. आजच्या फोनमधली माहिती कुलूपबंद असते. सुरू झाल्यावर मालकाने एकदा पासवर्ड टाकला की त्या कुलपाच्या बऱ्याचशा किल्ल्या फोनच्या स्मृतीत राहतात. फोन बंद झाला की त्या पुसल्या जातात आणि प्रयोगशाळेच्या हाती फार कमी लागतं. म्हणून चालू असेल तर चालूच ठेवायचा, विमान मोडवर टाकायचा, वायफाय आणि ब्लूटूथ वेगळे बंद झालेत का ते बघायचं, फॉइल, पॉवर बँक, आणि लगेच निघायचं. बंद असेल तर बंदच ठेवायचा. आणि प्रत्येक कृतीपुढे वेळ.

"हे एवढं आम्ही करायलोच की मॅडम, फक्त लिहीत नाही," एक हवालदार म्हणाले. मी म्हटलं, कोर्टात जे लिहिलेलं नाही ते तुम्ही केलं हे कोण सांगणार?

११ जुलै, शुक्रवार

दुसरी तुकडी, डीव्हीआर. वर्गात न शिकवता बाजारपेठेतल्या एका कापड दुकानात नेलं. मालक ओळखीचे, त्यांनी काउंटरमागे जागा दिली. डीव्हीआरचं घड्याळ तेवीस मिनिटं पुढे होतं. मालकांनाही माहीत नव्हतं.

कॅमेऱ्यात आरोपी ८.१० ला दिसतो आणि फिर्यादीत चोरी ७.४५ ची असते, तेव्हा खटला तिथेच लंगडतो. उपाय सोपा आहे: डीव्हीआरचा पडदा आणि नेटवर्कची वेळ दाखवणारा मोबाईल एकाच फोटोत घ्यायचा आणि फरक पंचनाम्यात लिहायचा. घड्याळ दुरुस्त करायचं नाही. हे तीनदा सांगावं लागलं, कारण चूक दिसली की हात आपोआप ती सुधारायला जातो. फुटेज मूळ स्वरूपातच काढायचं. पडद्यावर चाललेलं चित्र आपल्या मोबाईलवर टिपून आणणं हा पुरावा नाही, आठवण झाली. आणि त्याच दिवशी जायचं, कारण डिस्क भरली की डीव्हीआर जुनं पुसून नवं लिहितो. दुकानदाराने स्वस्तातली डिस्क घेतली असेल तर पंधरा दिवसही मिळत नाहीत.

परत आल्यावर जालन्याचा खटला सांगितला. देशभरातली न्यायालयं प्रमाणपत्राबाबत ज्या निकालाचा दाखला देतात तो आपल्या मराठवाड्यातून गेलेला आहे. २०१४ ची विधानसभा निवडणूक, जालना मतदारसंघ, अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी. उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप घेऊन कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. पुरावा कोणता? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात झालेलं व्हिडिओ चित्रण. त्याच्या सीडी कोर्टात आल्या, पण वारंवार मागूनही ६५ब चं प्रमाणपत्र मिळालं नाही. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांच्या साक्षीवर भर देऊन ते चित्रण ग्राह्य धरलं आणि २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी १४ जुलै २०२० ला कायदा स्पष्ट केला: मूळ उपकरणच न्यायालयात आणलं नाही तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र पक्षकाराने हातात होतं ते सगळं करूनही समोरच्याने प्रमाणपत्र दिलं नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही. म्हणून इथे खंडपीठाचा निर्णय टिकला.

जालन्याच्या बाजूचे दोन अंमलदार वर्गात होते. निवडणूक त्यांना आठवत होती, पण ती कायद्याच्या पुस्तकात गेली आहे हे माहीत नव्हतं. त्यातला एक म्हणाला, मग मागितल्याची पत्रं जपून ठेवली पाहिजेत. एवढं त्याला कळलं, माझा दिवस सार्थकी लागला. बँकेला, हॉटेलला, दुकानाला प्रमाणपत्र मागितल्याचं प्रत्येक पत्र पोचेसह केस डायरीत लावायचं.

२१ जुलै, सोमवार

कॉल तपशील, म्हणजे सीडीआर. हे सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं.

जप्त फोनचा आयएमईआय आणि सीडीआरमधला आयएमईआय जुळत नाही म्हणून एका तपासात फोनच वेगळा आहे असा शेरा मारलेला मी पाहिला आहे. पंधरा आकड्यांतला शेवटचा आकडा हा पडताळणीचा असतो, आणि सीडीआरमध्ये त्या जागी बऱ्याचदा शून्य येतं. पहिले चौदा जुळले की फोन तोच. एका आकड्यापायी तपास भलत्या दिशेला गेलेला पाहून मला फार वाईट वाटलं होतं, म्हणून आज फळ्यावर दोन्ही क्रमांक लिहून प्रत्येकाकडून जुळवून घेतले.

दुसरं, टॉवर. 'आरोपी घटनास्थळी हजर होता' असं सीडीआरवरून लिहिता येत नाही. आपल्याकडे शिवारात एक टॉवर कित्येक किलोमीटर सांभाळतो. त्यात घटनास्थळ येतं, आरोपीचं घर येतं, आठवडी बाजारही येतो. 'त्या वेळी त्याचा फोन अमुक टॉवरच्या क्षेत्रात होता' एवढंच लिहायचं, बाकी साक्षीदार आणि फुटेजने जोडायचं.

तिसरं, परदेशी कंपन्यांकडून येणाऱ्या नोंदी. त्यातली वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते. आपली साडेपाच तास पुढे. ३ तारखेचे १९.४० म्हणजे आपल्याकडे ४ तारखेची मध्यरात्र उलटून १.१०. निम्म्या वर्गाने तारीख बदलली नाही. मोबाईल कंपनीला आयपी पत्त्याची माहिती मागताना पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ दिली नाही, तर उत्तरात शेकडो ग्राहकांची नावं येऊ शकतात, कारण तितकी माणसं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. त्यातल्या एखाद्या निरपराध माणसाच्या दारात आपली गाडी उभी राहते. गावात तेवढ्यानेही माणूस आयुष्यातून उठतो.

४ ऑगस्ट, सोमवार

आज फक्त ठाणे अंमलदार. विषय एकच, १९३०, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीची हेल्पलाइन.

मागच्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षक सायबर ठाण्यात आले. पैसे जाऊन दोन दिवस झाले होते. आधी गेले होते त्या ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं की बँकेचा शिक्का मारलेला खातेउतारा आणा, मग बघू. शनिवार-रविवार गेला. पैसे तोवर एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि शेवटी एटीएममधून बाहेर. गुरुजी माझ्यासमोर हात जोडून बसले होते, आणि मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

म्हणून आज एका पानाचा कागद वाटला, टेबलाच्या काचेखाली ठेवायला. समोर माणूस आला की पहिलं काम त्याला बसवून त्याच्याच फोनवरून १९३० लावणं किंवा राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार भरणं. लागतं काय? मोबाईल क्रमांक, बँकेचं नाव, खातं किंवा कार्ड क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ. हे सगळं बँकेच्या एसएमएसमध्ये असतं. तक्रार गेली की बँका साखळीतल्या पुढच्या खात्यात उरलेली रक्कम रोखतात. उरलेली असेल तरच. उतारा, फिर्याद, हद्द, कलमं सगळं त्यानंतर.

१३ ऑगस्ट, बुधवार

लुटूपुटूचं न्यायालय. सहायक सरकारी अभियोक्ता आले आणि बचाव पक्षाची बाजू मांडायला एक फौजदारी वकील स्वखुशीने आले. दोघांचे मनापासून आभार मानले.

वकीलसाहेबांनी पहिल्या हवालदाराला चार प्रश्नांत गप्प केलं. फोन किती वाजता ताब्यात घेतला? सीलबंद किती वाजता केला? मधल्या तीन तासांत तो कुणाच्या खिशात होता? त्या तीन तासांत त्यात एकही संदेश आला नाही हे कशावरून?

मग मुद्देमाल कारकून उभ्या राहिल्या. वर्गात तीन दिवस एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांच्या नोंदवहीत प्रत्येक ओळ होती: फोन कुणी आणला, सीलवरचा क्रमांक, कोणत्या कपाटात, प्रयोगशाळेला कोण घेऊन गेलं, जावक क्रमांक, परत कधी आला, सील कोणतं. वीस मिनिटं उलटतपास चालला, त्या वहीतून वर न बघता उत्तरं देत राहिल्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे आता दोषारोपपत्रातच इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या ताब्याचा क्रम द्यावा लागतो. तो क्रम तयार होतो तो या बाईंच्या टेबलावर. याआधी एकाही प्रशिक्षणाला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पुढच्या प्रत्येक तुकडीत ठाण्याचे मुद्देमाल कारकून असतील, हे आजच पत्र काढून ठरवून घेतलं.

शेवटी मी स्वतःची गोष्ट सांगितली. उपनिरीक्षक असताना, नवीन, एका मुलीला घाणेरडे संदेश पाठवणाऱ्याचा फोन मी जप्त केला. संदेश खरंच आहेत का हे बघायला ठाण्यात तो दोन दिवस चालू-बंद करून वाचत बसले. कुठे नोंद नाही. कोर्टात विचारलं गेलं, जप्तीनंतर हा फोन कोण वापरत होतं? फोनमध्ये जप्तीनंतरच्या तारखा होत्या. मला उत्तर देता आलं नाही. संशयाचा फायदा देऊन तो सुटला. संदेश खरे होते. ती मुलगी कोर्टाच्या व्हरांड्यात मला काहीच बोलली नाही. खोलीत बराच वेळ शांतता होती, मीही ती मोडली नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीमुळे वर्ग बंद, सगळे बंदोबस्तावर. आज गौरी विसर्जन. रात्री अकराच्या थोडं आधी दुसऱ्या तुकडीतल्या एका महिला शिपायाचा फोन. स्वस्त कर्जाचं आमिष दाखवून लुबाडणाऱ्यांच्या खोलीवर छापा, टेबलावर लॅपटॉप चालू, पडद्यावर नावांची यादी उघडी. "मॅडम, झाकण लावू का?" लावू नकोस. झाकण लावलं की झोपेल, उघडताना पासवर्ड मागेल, आणि डिस्क कूटबद्ध असेल तर आतलं सगळं आपल्याला बंद. तिने चार्जर जोडलेला ठेवला, पडद्याचे फोटो घेतले, आमची गाडी पोचेपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी माऊसला हलकेच हात लावत राहिली, आणि तसं करतेय हे वेळेसह लिहीत राहिली. आम्ही पन्नास मिनिटांत पोचलो. आधी लॅपटॉपची चालू स्मृती (रॅम) उतरवून घेतली, मग उघडी डिस्क. डिस्क खरोखरच कूटबद्ध होती.

१५ सप्टेंबर, सोमवार

प्रशिक्षण झालेल्या अंमलदारांचे मोबाईल जप्तीचे सतरा नवे पंचनामे मागवून वाचले. आयएमईआय सतराही पंचनाम्यांत आहे. चालू-बंद स्थिती चौदांत. डीव्हीआरचे पाच पंचनामे वेगळे आहेत, त्यातल्या चारांत घड्याळाचा फरक लिहिलाय, पाचव्यात घड्याळ 'दुरुस्त केले' असं प्रामाणिकपणे नमूद केलंय. त्या अंमलदाराला उद्या फोन करायचा. रागवायचं नाही, त्याने लिहिलं म्हणून तर कळलं.

भाग ब वरच्या सहीचा खोळंबा मात्र तसाच आहे. तज्ज्ञ कमी, फायली जास्त. मुद्देमाल खोलीत चार्जिंगच्या सोयीचं कुलपाचं कपाट हवं, त्याचा प्रस्ताव वर पाठवला आहे.

छाप्याच्या रात्रीचा पंचनामा सगळ्यात शेवटी वाचला. 'लॅपटॉप चालू स्थितीत. वेळ २२.५२. पडद्यावर यादी उघडी, फोटो १ ते ६. वेळ २२.५५, माऊस हलविला, कारण पडदा बंद होऊ नये. वेळ २२.५८, माऊस हलविला. वेळ २३.००, माऊस हलविला...' अशा वीस ओळी, प्रत्येकीखाली दोन्ही पंचांच्या सह्या. मी लाल पेनने एवढंच लिहिलं: पहिल्या वेळेपुढे 'मोबाईल नेटवर्कप्रमाणे' आणि लॅपटॉपच्या घड्याळाची वेळ शेजारी हवी होती.